वेल्समध्ये शेतावरच्या कॉटेजवर आठवडाभर : काय ठेवावं, काय गाळावं?

थेम्सकाठची :
नमस्कार मंडळी. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात वेल्सला जातोय. डॉल्गेथ्लाय गावापासून तीनेक मैलांवर मेंढ्यांच्या शेतावरचं जुनं दगडी घर मिळालंय, शनिवार ते शनिवार. आम्ही दोघं, अकरा वर्षांचा मुलगा, सहा वर्षांची मुलगी आणि पुण्याहून आलेले सासू-सासरे. सासरे रोज पर्वती चढतात, त्यामुळे त्यांची चिंता नाही. सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. सपाटीवर तासभर निवांत चालतात, चढ-उतार मात्र नको. दोघंही शाकाहारी.

नवऱ्याने यादी केलीय: स्नोडन, कॉनवीचा किल्ला, पोर्टमेरियन, पेम्ब्रोकशरचे पफिन पक्षी, हे-ऑन-वायची पुस्तकांची दुकानं आणि झिपलाइन. अंतरं बघितली तर रोजचे चार-पाच तास गाडीतच जातील असं दिसतंय. मग शेतावरचं घर घेऊन उपयोग काय? तिथे राहिलेल्या, फिरलेल्या लोकांनी मोकळेपणाने सांगा. पाऊस लागून राहिला तर काय करायचं, तेही.

किनारपट्टी :
मी अबरिस्टविथला राहते, डॉल्गेथ्लाय माझ्या नेहमीच्या वाटेवरचं. तुमची शंका अगदी रास्त आहे. नकाशावर वेल्स चिमुकलं दिसतं, पण मोटरवे आहे तो पार दक्षिणेला. मधल्या मुलखात डोंगरांच्या बगलेतून वळणं घेत जाणारे रस्ते, पुढे एखादा ट्रॅक्टर, आणि २०२३ पासून वस्तीत बहुतेक ठिकाणी ताशी २० मैलांची मर्यादा. त्यामुळे मॅप जी वेळ दाखवतो त्यात पाव भाग वाढवूनच धरा.

पेम्ब्रोकशर सरळ गाळा. एका बाजूचे तीन तास, आणि ज्याच्यासाठी जायचं ते पफिनच नसणार. स्कोमर बेटावर ते एप्रिलमध्ये येतात आणि जुलै संपता संपता समुद्रात निघून जातात. हे-ऑन-वायही गाळा, ते गाव स्वतंत्र सहलीचं आहे. मे महिन्याच्या शेवटी तिथला साहित्य महोत्सव असतो तेव्हा जा. झिपलाइन मुलाच्या हट्टावर सोडा.

माझं मत विचाराल तर दिवसाला एकच ठिकाण, तेही पाऊण तासाच्या आतलं. आणि निदान एक दिवस गाडी फाटकाबाहेर काढायचीच नाही.

आता सासूबाईंसाठी. डॉल्गेथ्लाय ते बार्मथ अशी मौदाख नदीच्या खाडीकाठची वाट आहे, साधारण साडेनऊ मैलांची. पूर्वी इथून रेल्वे जायची, ती १९६५ मध्ये बंद झाली आणि रुळांच्या जागी पायवाट झाली. रेल्वेचीच वाट असल्याने चढ असा नाहीच. सायकली भाड्याने मिळतात, मुलांना घेऊन अर्धी वाट सायकलने करता येईल. सासूबाईंना मात्र गाडीने थेट मॉर्फा मौदाख स्टेशनपाशी न्या, तिथे गाडी लावा आणि बार्मथच्या पुलावरून पलीकडच्या गावात चालत जा. १८६७ चा लाकडी पूल आहे, खाडीच्या तोंडावरच. एका बाजूने अजून रेल्वे चालते, शेजारी पादचाऱ्यांची फळ्यांची वाट. १९८० मध्ये समुद्री किड्याने खांब पोखरल्याचं लक्षात आलं तेव्हा रेल्वे थांबवून दुरुस्ती करावी लागली होती. पुलाच्या मध्यावर थांबलात की एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला आत दूरवर गेलेली खाडी आणि तिच्यावर काडर इद्रिसचा आडवा डोंगर. गाडी आली की पायाखालच्या फळ्या थरथरतात, मुलांना फार मजा वाटते. भरती आणि ओहोटी दोन्ही बघायला मिळतील अशी वेळ साधा. ओहोटीला उघडी पडलेली वाळू कितीही मोहात पाडो, खाडीत उतरू नका. ती काही ठिकाणी पाय धरते आणि भरतीचं पाणी मागून येतं.

बार्मथमध्ये पोचल्यावर सासूबाईंना चहा घेऊन बंदराकाठी बसू दे. सासरे आणि नातू यांना गावामागच्या चढावर पाठवा, दिनास ओलाय नावाची टेकडी आहे. नॅशनल ट्रस्टला मिळालेली ही पहिली जमीन. फॅनी टॅल्बट नावाच्या बाईंनी १८९५ मध्ये ही साडेचार एकर जागा ट्रस्टला दिली, का तर ती बांधकामापासून वाचावी आणि सर्वांना खुली राहावी म्हणून. आज इंग्लंड-वेल्सभर ज्या संस्थेची पार्किंग आणि बागा आपण वापरतो, तिची सुरुवात या खडकाळ उतारावर झाली.

पाऊलवाट :
किनारपट्टी यांच्या प्रतिसादाला +१. मौदाखची वाट न करता डॉल्गेथ्लायहून परत येणं म्हणजे मुख्य गोष्टच राहणं.

सासरे रोज पर्वती चढत असतील तर त्यांना आणि मुलाला काडर इद्रिस जरूर करू द्या. उंची ८९३ मीटर. तुमच्या बाजूने जी पोनी पाथ म्हणतात ती वाट घ्या. लांब आहे पण सरळ आहे, येऊन-जाऊन पाच-सहा तास धरा. दक्षिणेकडून मिनफॉर्थहून जाणारी वाट फार देखणी, कारण ती थ्लिन काय या हिमनदीने कोरलेल्या तळ्याच्या कडेने वर जाते, पण सुरुवातीलाच दगडी पायऱ्यांचा दमछाक करणारा चढ आहे आणि वर काही जागी खडी उतरण आहे. अकरा वर्षांच्या मुलाला पहिल्याच डोंगराला तिकडून नेऊ नये असं माझं मत.

शिखरालगत दगडी निवारा आहे, छपरासकट. वारा असेल तर डबा तिथे खा. इथली आख्यायिका मुलाला चढायच्या आधी सांगून ठेवा: या डोंगरावर जो रात्र काढतो तो सकाळी कवी होऊन उतरतो, नाहीतर वेडा होऊन.

काही गोष्टी मात्र गंभीरपणे घ्या. खाली ऊन असताना वर ढगात दहा पावलांवरचं दिसत नाही. कागदी नकाशा आणि होकायंत्र हवंच, फोनची बॅटरी थंडीत झपाट्याने उतरते. जीन्स नको, ती भिजली की वाळत नाही. शिट्टी जवळ ठेवा. मिनिटाला सहा शिट्ट्या ही मदतीची खूण. अडचण आली तर ९९९ लावून आधी पोलीस आणि मग माउंटन रेस्क्यू मागायचं. बोलण्याइतकी रेंज नसली तरी कधीकधी मेसेज जातो, त्यासाठी घरून निघण्याआधी फोनवरून ९९९ ला 'रजिस्टर' हा शब्द इंग्रजीत पाठवून नोंदणी करून ठेवा.

बर्मिंगहॅमकर :
स्नोडन गाळू नका हो! लोक पुण्याहून एवढ्या लांब येतात आणि वेल्सचा सर्वांत उंच डोंगर न बघता जातात, हे पटत नाही. सासूबाईंसाठी लानबेरिसहून निघणारी दातेरी रुळांची रेल्वे आहे, १८९६ पासूनची. १०८५ मीटर उंच शिखराच्या अगदी जवळ नेऊन सोडते, वर अर्धा तास मिळतो. माझ्या आईला नेलं होतं. स्वच्छ दिवस होता, पश्चिमेला आयर्लंडच्या डोंगरांची रेघ दिसली. आई कधी नव्हे ती अर्धा तास गप्प बसली. तिकिटं फार आधी काढावी लागतात एवढंच.

किनारपट्टी :
तुमच्या आईंना तो दिवस मिळाला याचा आनंद आहे, आणि गुडघे अधू असलेल्या माणसाला शिखरावर जाण्याचा तोच एक मार्ग आहे हे मान्य. पण धागाकर्तीच्या घरापासून लानबेरिस सव्वा तास. तिकिटं आधी काढायची म्हणजे हवा निवडता येत नाही. वारा जास्त असेल तर गाडी शिखरापर्यंत जातच नाही, खालच्या थांब्यावरून परतते. सहा माणसांचे पैसेही थोडेथोडके नाहीत. एवढं करून वर ढगच असतील तर ज्येष्ठांना त्यातून काय मिळणार?

त्यापेक्षा तौइनहून टॅलिथ्लिन रेल्वे घ्या. स्लेटच्या खाणीसाठी १८६५ च्या सुमाराला टाकलेली अरुंद लाइन, सव्वासात मैलांची. खाण बंद पडल्यावर ही मोडीत निघणार होती, पण १९५१ मध्ये रेल्वेप्रेमी स्वयंसेवकांनी ती हातात घेतली. लोकांनी वाचवून चालवलेली ही जगातली पहिली रेल्वे. तिकीट तपासणारे, इंजिनात कोळसा घालणारे, सिग्नलवाले बहुतेक सगळे स्वयंसेवक, आणि प्रश्न विचारला की आनंदाने थांबून सांगतात. दिवसभराचं तिकीट काढून डॉलगोखला उतरायचं, धबधबा बघायचा, पुढच्या गाडीने जायचं. धबधब्याच्या खालच्या भागापर्यंतची वाट छोटी आहे, सासूबाई हात धरून जातील.

पाऊलवाट :
स्नोडनबद्दल दोघांचंही बरोबर आहे. एकच भर: पेन-अ-पास हे जिथून दोन प्रसिद्ध वाटा सुरू होतात, तिथलं पार्किंग हंगामात आधी बुक करावं लागतं. नुसतं जाऊन जागा मिळेल असं धरू नका, खालून बस घ्या. आणि क्रिब गोखच्या धारेवर डोंगराचा अनुभव नसताना कुणीही जाऊ नये. दर वर्षी तिथून लोकांना सोडवून आणावं लागतं.

गडवेडा :
किल्ल्यांवर कुणीच बोललं नाही, म्हणून लिहितो.

कॉनवी अप्रतिम आहे, पण तुमच्यापासून हार्लेख निम्म्याहून कमी वेळात. कॉनवी, कर्नार्व्हन, बोमारिस आणि हार्लेख हे चार किल्ले मिळून १९८६ पासून जागतिक वारसा आहेत. चारही इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने वेल्स जिंकल्यावर, जिंकलेला मुलूख दाबून ठेवण्यासाठी बांधले. हार्लेख १२८३ ते १२८९ असा झटपट उभा राहिला. खडकाच्या टोकावर बसलेला, आणि तेव्हा समुद्र अगदी पायथ्याशी होता. वेढा पडला तर जहाजातून रसद थेट वर आणता यावी म्हणून खडकातून १०८ पायऱ्यांची तटबंदीची वाट आहे. आज समुद्र मागे हटलाय, खाली गवताळ मैदान, रेल्वे आणि वाळूच्या टेकड्या. तटावर उभं राहून ती जुनी किनाऱ्याची रेघ मुलाला शोधायला लावा.

मग १४०४ मध्ये ओवेन ग्लिंडोर या वेल्श नेत्याने बंड करून हाच किल्ला घेतला आणि १४०९ पर्यंत तिथून कारभार केला. १४०४ मध्येच त्याने मखन्थ्लेथला वेल्सची संसद भरवली होती. ज्या भिंती वेल्श लोकांना धाकात ठेवायला बांधल्या, त्यांच्यातच त्यांचा राजा कुटुंबासह राहिला. माझ्यासाठी हार्लेख बघण्याचं कारण हेच.

पण खरा माझा आग्रह दुसऱ्या किल्ल्यासाठी. कास्टेथ अ बेरे. काडर इद्रिसच्या दक्षिणेच्या दरीत, ॲबरगनोल्विनजवळ. हा वेल्श राजाने, थोरल्या थ्लिवेलिनने, १२२१ च्या सुमाराला बांधला. तिकीट नाही, दुकान नाही, बहुतेक वेळा माणूसही नाही. झाडीतून थोडंसं चढून गेलात की इंग्रजी डी अक्षराच्या आकाराचे बुरूज, खडकात खोदलेला खंदक, विहीर. एडवर्डविरुद्धच्या लढाईत अगदी शेवटी, १२८३ मध्ये हा पडला. राजगड-तोरणा करणारे लोक इथे रमतात, कारण डोंगराच्या आकाराप्रमाणे किल्ला वाकवलाय, चौकोनी नकाशा डोंगरावर लादलेला नाही. तिथून समोर पक्ष्यांचा खडक दिसतो. समुद्र आता कित्येक मैल दूर गेलाय, तरी पाणकावळे अजून त्या कड्यावरच घरटी करतात. जेव्हा लाटा तिथवर यायच्या तेव्हापासूनची त्यांची सवय.

तवा_आणि_झारा :
स्वयंपाकाचं मी सांगते. मालकांना आधीच विचारून घ्या की शेगडी गॅसची, इंडक्शनची का रेबर्न. रेबर्न म्हणजे सतत पेटती लोखंडी चूल. तिच्यावर वरण सुंदर शिजतं पण घाईची फोडणी होत नाही. इंडक्शन असेल तर घरचा ॲल्युमिनियमचा कुकर चालणार नाही. पोहे, रवा, डाळी, गोडा मसाला, चहा पावडर घेऊन जा. भाजी, दूध, अंडी, चीज, बटाटे तिथल्या गावातूनच घ्या. फोडणीच्या वेळी खिडकी उघडी ठेवा, जुन्या घरांत धुराचा अलार्म स्वयंपाकघराच्या दाराशीच असतो. आणि मलनिस्सारण बहुतेक सेप्टिक टाकीचं असेल, तेल आणि उरलेलं वरण सिंकमध्ये ओतू नका.

शाकाहारींसाठी एक सूचना. वेल्श केक बेकरीत दिसले की सगळेच घेतात, पण पारंपरिक कृतीत डुकराची चरबी असते. लोण्यातले आहेत का हे विचारून घ्या. बारा ब्रिथ, म्हणजे चहात भिजवलेल्या सुक्या मेव्याचा पाव, बहुधा चालतो, मात्र त्यात अंडं असतं.

त्याहून चांगलं म्हणजे कॉटेजवर मुलांना घेऊन करा. २२५ ग्रॅम सेल्फ रेझिंग मैद्यात ११० ग्रॅम गार लोणी बोटांनी चुरायचं, रवाळ झालं की ८५ ग्रॅम साखर, मूठभर काळ्या मनुका, अर्धा चमचा मिक्स्ड स्पाइस. एक अंडं घालून गोळा जमेल इतपतच मळायचं, पोळीच्या कणकेसारखं तिंबायचं नाही. जाडसर लाटून वाटीने गोल कापायचे आणि जाड तव्यावर अगदी मंद आचेवर दोन्ही बाजूंनी तीन-तीन मिनिटं. तवा फार तापला की पहिला घाणा बाहेरून करपतो आणि आत कच्चा राहतो, म्हणून एक छोटा तुकडा टाकून बघा. कडा दाबली की किंचित उसळली पाहिजे. गरम असतानाच वरून साखर भुरभुरायची.

त्या दिवसांत कुंपणांवर ब्लॅकबेरी पिकलेल्या असतील. रस्त्यालगतच्या, कमरेखालच्या सोडा, वरच्या तोडा. साखर घालून शिजवल्या की नाश्त्याच्या शिऱ्याबरोबर छान लागतात.

दोन_पिल्लांची_आई :
सहा वर्षांच्या मुलीसाठी बेथगेलर्टला जा. नदीकाठच्या सपाट वाटेने पाच-दहा मिनिटांवर गेलर्टची समाधी आहे, सासूबाईंनाही झेपेल. गोष्ट अशी: राजा थ्लिवेलिन शिकारीला गेला, परत आला तर पाळणा उलटलेला, बाळ दिसत नाही आणि कुत्रा गेलर्ट रक्ताने माखलेला. राजाने रागाच्या भरात त्याला मारलं. मग पाळण्याखालून बाळाचं रडणं ऐकू आलं, आणि शेजारी मेलेला लांडगा दिसला.

तुमच्या सासूबाईंना ही गोष्ट पहिल्या दोन वाक्यांतच ओळखू येईल. आपलं पंचतंत्रातलं मुंगूस, तेच. लोककथांचे अभ्यासक या दोन्ही गोष्टी एकाच गोष्टीचे प्रवासी अवतार मानतात. भारतातून निघून ती देशोदेशी फिरली, मुंगसाचा कुत्रा झाला आणि सापाचा लांडगा. इथली समाधी त्या राजाच्या काळातली नाही, अठराव्या शतकाच्या अखेरीला गावातल्या हॉटेलवाल्याने ती उभारली असं मानतात. तरी माझ्या मुलीला आजीने तिथे बसून मुंगसाची गोष्ट सांगितली तेव्हा बाजूला बसलेलं वेल्श कुटुंबही ऐकायला थांबलं, मी इंग्रजीत सांगत गेले.

शेतावर असताना फाटकं जशी असतील तशीच ठेवायची: बंद असेल तर बंद, उघडं असेल तर उघडं. मुलांना हे पहिल्याच दिवशी सांगा. ब्रॅकन नेच्यातून चालून आलात की संध्याकाळी सगळ्यांचे पाय, गुडघ्यामागची बाजू, कंबर बघा. गोचीड असेल तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची, तेल-बिल लावायचं नाही. पुढे गोल लाल चट्टा वाढत गेला तर डॉक्टरकडे जा. हा धागा वाचणाऱ्यांपैकी कुणी वसंतात जाणार असाल आणि घरात गरोदर बाई असेल, तर नुकत्याच व्यायलेल्या मेंढ्या आणि कोकरांपासून तिने दूर राहावं. तिथून संसर्गाचा धोका असतो.

बर्मिंगहॅमकर :
अवांतर होईल, पण एलन व्हॅलीबद्दल लिहायला हवं. आमच्या बर्मिंगहॅमच्या नळाला येणारं पाणी वेल्समधून येतं. रेयडरजवळ दगडी धरणं बांधून १९०४ मध्ये योजना सुरू झाली. ७३ मैल पाणी पंपाशिवाय, नुसत्या उतारावर वाहत शहरात येतं, दीड दिवस लागतो म्हणतात. पावसानंतर धरणाच्या भिंतीवरून पाणी सांडताना बघण्यासारखं असतं. जवळच गिग्रिन फार्मवर दुपारी लाल घारींना मांस घालतात, शेकडो घारी एकदम झेपावतात. विसाव्या शतकात ब्रिटनमधल्या लाल घारी जवळपास संपल्या होत्या, मध्य वेल्समध्ये तेवढ्या मोजक्या जोड्या उरल्या होत्या.

मावळमुलूख :
पाण्याचा विषय निघालाच आहे तर बालाच्या रस्त्यावर थ्लिन केलिनपाशी थांबा. तुमच्या घरापासून अर्ध्या तासावर. वरवर पाहता सुंदर तलाव. त्याच्या तळाशी केपल केलिन नावाचं वेल्शभाषक गाव आहे: शाळा, पोस्ट, प्रार्थनामंदिर, शेतघरं. लिव्हरपूलला पाणी हवं म्हणून संसदेत कायदा करून १९६५ मध्ये ते बुडवलं. वेल्समधल्या एकाही खासदाराने त्याच्या बाजूने मत दिलं नव्हतं, तरी तो मंजूर झाला. लिव्हरपूलच्या कौन्सिलने माफी मागितली ती २००५ मध्ये. किनाऱ्यावर एक छोटं स्मारक-मंदिर आहे, बुडालेल्या इमारतींचे दगड वापरून बांधलेलं.

माझं आजोळ मुळशीचं. १९२१ चा सत्याग्रह, सेनापती बापट, पाण्याखाली गेलेली घरं हे घरात ऐकत मोठा झालो. म्हणून त्या तलावाकाठी मला नुसतं फोटो काढून निघता आलं नाही. भिंतींवर, मोटारींवर 'कोविउख द्रवेरिन' असं लिहिलेलं दिसेल. त्या गावाला विसरू नका, असं ते आवाहन आहे. वेल्श भाषेसाठी पुढे जे लढे झाले, त्यांत या गावाचा मोठा वाटा आहे. तुमचा मुलगा अकरा वर्षांचा आहे, त्याला हे समजेल.

किनारपट्टी :
मावळमुलूख, मनापासून आभार. पर्यटनाच्या यादीत हे कुणी लिहीत नाही.

त्याला जोडूनच. २०२१ च्या जनगणनेत ग्विनेथ परगण्यात ६४ टक्क्यांहून जास्त लोकांनी वेल्श येतं असं सांगितलं. डॉल्गेथ्लायच्या दुकानात लोक आपसांत वेल्शच बोलतात, तुमच्याशी लगेच इंग्रजीत बोलतील. आत जाताना 'बोरे दा', निघताना 'डिओल्ख' म्हणा, चेहरे उजळतात. सुट्टीची घरं हा इथला दुखरा विषय आहे: गावातली घरं बाहेरच्यांनी घेतली की तरुणांना परवडत नाहीत आणि शाळेत मुलं उरत नाहीत. शेतकऱ्याने स्वतःच्या शेतावरचं घर भाड्याने देणं वेगळं, त्याने शेत टिकतं. तुम्ही तसंच घर निवडलंय हे चांगलं केलंत. किराणाही शक्यतो गावातूनच घ्या.

तारांगण :
डॉल्गेथ्लाय ज्या एरेरी राष्ट्रीय उद्यानात येतं ते २०१५ पासून संरक्षित काळोखी आकाशाचा प्रदेश आहे. जूनमध्ये या अक्षांशावर रात्रभर पुरता अंधार होत नाही. ऑगस्टअखेर मात्र दहा-सव्वादहापर्यंत होतो, तेव्हा तुमची वेळ चांगली आहे. चंद्र कधी मावळतो ते आधी बघा. घरातले दिवे आणि अंगणातला सेन्सरचा दिवा बंद करा, फोन आत ठेवा आणि डोळ्यांना वीस-पंचवीस मिनिटं द्या.

डोक्यावर अभिजित, हंस आणि श्रवण यांचा त्रिकोण, त्यातून आकाशगंगेचा पट्टा दक्षिणेकडे उतरताना दिसेल. ईशान्येला देवयानीतली दीर्घिका नुसत्या डोळ्यांनी धूसर ठिपक्यासारखी दिसते. सासऱ्यांना ध्रुवतारा शोधायला सांगा. पुण्यात तो क्षितिजापासून साधारण साडेअठरा अंशांवर असतो, तिथे जवळजवळ ५३ अंशांवर. ते सवयीने खाली शोधतील, मान बरीच वर करावी लागेल.

इतिहासाची_पानं :
रेडिंग-लंडनकडून येणार असाल तर श्रूसबरी-वेल्शपूल मार्गे याल. कॉटेजची किल्ली दुपारी चारच्या आधी सहसा मिळत नाही, म्हणून वाटेत वेल्शपूलच्या पॉविस कॅसलला थांबा. तिथे क्लाइव्ह घराण्याचा भारतीय वस्तूंचा संग्रह आहे, रॉबर्ट क्लाइव्ह आणि त्याचा मुलगा एडवर्ड यांनी जमवलेला. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडलं तेव्हा एडवर्ड मद्रासचा गव्हर्नर होता. टिपू सुलतानाचा छापील सुती कापडाचा तंबू इथे आहे, त्याच्या सिंहासनावरचं रत्नजडित वाघाचं शिरही. लाल-हिरव्या वेलबुट्टीचं ते कापड जवळून बघा, रंग अजून ताजे आहेत. एवढ्या वस्तू एका वेल्श टेकडीवर कशा आल्या हे मुलांना स्पष्ट शब्दांत सांगावं असं मला वाटतं. वाड्याच्या बागा उतारावर टप्प्याटप्प्याने आहेत, सासूबाईंना वरच्या टप्प्यावरूनच छान दिसतील.

आणखी कुणी दक्षिणेकडे, कार्मार्थनशरला जाणार असाल तर स्कंद व्हेल हा आश्रम आहे, १९७३ पासूनचा. मुरुगन, शक्ती आणि रंगनाथ यांची मंदिरं, रोजची पूजा आणि येणाऱ्याला शाकाहारी जेवण. डॉल्गेथ्लायहून फार लांब पडेल, धागाकर्तीसाठी नाही.

थेम्सकाठची :
सगळ्यांचे खूप आभार! नवऱ्याने यादीवर रेघा मारल्याच आहेत. दोन प्रश्न उरले. पावसाचा दिवस? आणि पोर्टमेरियन ठेवावं का?

खाणीतला_दिवा :
पावसाच्या दिवसासाठी ब्लायनाय फेस्टिनिऑगच्या थ्लेख्वेथ स्लेटखाणीत उतरा. आत बाहेरच्या पावसाचा काही संबंध नाही, पण गारठा असतो, सगळ्यांना स्वेटर हवा. उतरती केबलची गाडी खोल नेते, मग हेल्मेट घालून दालनांमधून चालायचं. पायऱ्या आहेत, म्हणून सासूबाईंना विचारून ठरवा. तिथे कळतं की खाणकामगार मांडीला साखळीचा वेढा घालून कड्यावर लोंबकळायचे आणि मेणबत्तीच्या उजेडात हाताने भोकं पाडायचे. मेणबत्तीचे पैसेही त्यांचेच. वर आल्यावर स्लेट फोडून दाखवत असतील तर ते चुकवू नका. रुंद पातळ छिन्नी कडेला टेकवून लाकडी हातोड्याचा हलका ठोका मारला की फरशी उघडल्यासारखी दोन होते, मग चार. कौलांच्या आकारांना डचेस, काउंटेस, लेडी अशी नावं. वायव्य वेल्सचा हा सगळा स्लेटचा मुलूख २०२१ पासून जागतिक वारसा आहे. १९०० ते १९०३ असा तीन वर्षांचा संप पेन्रिनच्या खाणीत झाला, त्याच्या जखमा त्या गावांनी पिढ्यान्‌पिढ्या बाळगल्या. त्यामुळे ढिगारे बघताना नुसते दगडाचे ढीग म्हणून बघू नका.

पोर्थमॅडॉगहून फेस्टिनिऑगची छोटी रेल्वे घेतली तर खाण आणि गाडी एकाच दिवसात होते, साडेतेरा मैल. १८३६ मध्ये ही सुरू झाली तेव्हा स्लेटने भरलेले डबे नुसत्या उतारावर बंदरापर्यंत यायचे आणि रिकामे डबे घोडे वर ओढायचे. खाली येताना घोडे त्याच गाडीत, त्यांच्यासाठीच्या डब्यात उभे राहून यायचे. मुलीला हे नक्की सांगा. सासूबाई खिडकीशी बसून पूर्ण प्रवास करू शकतील, पावसातही.

किनारपट्टी :
पोर्टमेरियन रेल्वेच्या दिवसाला जोडू नका, दमणूक होईल. क्लफ विल्यम्स-एलिस या वास्तुकाराने १९२५ पासून पन्नास वर्षं रचलेलं रंगीत इटालियन धाटणीचं गाव आहे, सुरेखच आहे, पण सगळा उतार आणि पायऱ्या. मी असते तर त्याऐवजी हार्लेखच्या वाळूत अर्धा दिवस घालवला असता.

थेम्सकाठची :
मग असं ठरतंय. जाताना पॉविस. रविवार शेतावरच, संध्याकाळी वेल्श केक. मग बार्मथचा पूल, टॅलिथ्लिन रेल्वे आणि त्याच दिवशी कास्टेथ अ बेरे, हार्लेख किल्ला आणि किनारा, बेथगेलर्ट. थ्लिन केलिन खाणीच्या दिवशी जाता-येता. काडर इद्रिस हवा बघून, ज्या दिवशी चांगली असेल त्या दिवशी, बाकी सगळं त्याप्रमाणे सरकवायचं. स्नोडन पुढच्या खेपेला, सासूबाईंनी स्वतःच सांगितलं की शिखरापेक्षा त्यांना पूल आणि मुंगसाची समाधी बघायचीय.

किनारपट्टी :
छान जमलंय. टॅलिथ्लिनचं वेळापत्रक रोज सारखं नसतं, दिवस पक्का करण्याआधी बघून घ्या. बहुतेक पार्किंगची यंत्रं कार्ड घेतात पण रेंज नसली की अडतात, म्हणून सुटी नाणी जवळ ठेवा. नकाशे निघण्याआधी घरीच फोनवर उतरवून घ्या. अरुंद रस्त्यावर समोरून गाडी आली तर पासिंगची जागा ज्याला जवळ, त्याने मागे घ्यायचं. नवऱ्याला शेताच्या वाटेवर पहिल्याच संध्याकाळी रिव्हर्सचा सराव करू दे. आणि शेतकरी बाईंना विचारा, कुत्रा घेऊन मेंढ्या कधी वळवणार आहेत. आधी सांगून ठेवलंत तर मुलांना फाटकाशी उभं राहून बघू देतील.